उत्क्रांती कळलीय की नुसती पाठ झालीय? मुलांची समज तपासायची पद्धत, पायरीपायरीनं

दहावीचं विज्ञान भाग २ उघडलं की पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. जूनमध्ये शिकवून होतो, जुलैत चाचणी होते, मुलं 'नैसर्गिक निवड म्हणजे काय' याला ३ पैकी ३ मार्क घेतात आणि आपण पुढच्या धड्याला लागतो. मग कधीतरी सहज विचारावं की घरातली डासांची कॉइल आधी लागू पडायची आता का पडत नाही, तर तीच ३ पैकी ३ वाली पोरं एका सुरात सांगतात, 'मॅडम, डासांना सवय झाली'.

म्हणजे धडा पोचलाच नाही. डासांना सवय होत नाही, ज्यांच्यावर औषध चालत नाही त्यांची पिल्लं वाढत जातात. आणि चूक मुलांची नाही, आपण तपासलं ते पाठांतर. मी सोलापुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवते, आणि बरीच वर्षं मीसुद्धा हेच करत होते, त्यामुळं खालचं सगळं स्वतः चुकून दुरुस्त केलेलं आहे. शाळेतले शिक्षक, क्लासवाले आणि घरी मुलांचा अभ्यास घेणारे आईवडील, तिघांनाही हे जमेल. फक्त पायऱ्यांचा क्रम मोडू नका, कारण बहुतेकांचं काम तिथंच बिघडतं.

सुरू करायच्या आधीची तयारी

लागणारं सामान थोडंच आहे. कोरे कागद, एक वेगळी वही (ही फक्त मुलांच्या चुकीच्या कल्पना लिहायला, दुसरं काही लिहायचं नाही), आणि वेगवेगळ्या दिवशी काढलेला थोडा थोडा वेळ.

खरी तयारी म्हणजे 'उत्क्रांती' या एका मोठ्या शब्दाचे तुकडे करणं. आख्खी उत्क्रांती एका प्रश्नात तपासता येत नाही. मी असे तुकडे करते: एकाच जातीतले जीव एकसारखे नसतात. हे फरक गरज बघून येत नाहीत, आपोआप येतात. त्यातले काही फरक पिल्लांत उतरतात, काही उतरत नाहीत. जन्मतात पुष्कळ, पण सगळे जगून पुढं पिल्लं देत नाहीत. कोण देतं हे त्या फरकांवर बऱ्यापैकी ठरतं (हीच नैसर्गिक निवड). म्हणून पिढ्या जातात तसं समूहातलं प्रमाण बदलतं, एकटा जीव आयुष्यात बदलून उत्क्रांत होत नाही. आणि शेवटचा तुकडा, आज दिसणाऱ्या जाती एकमेकींपासून निघालेल्या नाहीत, त्यांचे पूर्वज एक आहेत.

यातले एका वेळी दोन, फार तर तीन घ्या. सगळे एकदम घेतले तर कुठलं कळलं नि कुठलं नाही हे तुम्हालाच समजणार नाही.

सावध : सीबीएसईची मुलं असतील तर आधी बघून घ्या, २०२३ मध्ये त्यांच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला गेला, आता तो थेट बारावीच्या जीवशास्त्रात येतो. त्या मुलाला काही आलं नाही तर तो गैरसमज धरू नका, त्यानं ते वाचलेलंच नाही.

पायरी १ : आधी मुलांच्या डोक्यात काय आहे ते गोळा करा

प्रश्नपत्रिका काढायच्या आधी एकच मोकळा प्रश्न द्या, पर्याय नाहीत, मार्क नाहीत, नाव लिहिलंच पाहिजे असंही नाही. मी देते तो असा, 'गुहेतल्या काळोखात राहणाऱ्या काही माशांना डोळे नसतात. त्यांच्या पूर्वजांना डोळे होते. हे कसं झालं असेल ते चार-पाच ओळींत लिहा.' मेक्सिकोत असे मासे खरोखर आहेत, पण देशाचं नाव सांगायची गरज नाही.

आलेली उत्तरं मुलांच्याच शब्दांत वहीत उतरवा. शुद्ध करू नका. 'वापरले नाहीत म्हणून गेले', 'काळोखात डोळ्यांचा काय उपयोग म्हणून निसर्गानं काढून घेतले', 'हळूहळू सवय झाली', 'त्यांनी परिस्थितीशी जुळवून घेतलं'. पुढच्या पायरीत हीच वाक्यं लागणार आहेत. तुम्ही टेबलाशी बसून मनानं रचलेले चुकीचे पर्याय मुलं लगेच ओळखतात, ते पर्याय कुणी निवडतच नाही आणि तुम्हाला वाटतं सगळ्यांना कळलंय. नैसर्गिक निवडीवर अँडरसन, फिशर आणि नॉर्मन यांनी २००२ मध्ये २० प्रश्नांची जी चाचणी केली, तिच्यातही चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्या गैरसमजांवरूनच घेतलेले आहेत, तिची ताकद तिथंच आहे.

इथं जरा थांबून आपल्या भाषेकडं बघा, कारण अर्धे गैरसमज आपल्या शब्दांतच बसलेत. 'उत्क्रांती' ऐकलं की मुलांना वर-वर चढत जाणं वाटतं, त्यामुळं माणूस सगळ्यात वरच्या पायरीवर आणि गांडूळ खाली. 'अनुकूलन' म्हणजे 'जुळवून घेणे' असं आपण सांगतो, आणि जुळवून घेणं हे तर सासरी गेलेली मुलगी करते, नव्या शाळेत गेलेला मुलगा करतो, म्हणजे एकटा जीव ठरवून करतो. 'प्रभावी जनुक' (आईबापापैकी एकाकडूनच मिळालं तरी ज्याचा गुण दिसतो ते) म्हटलं की मुलांना वाटतं तो जास्त ताकदवान, म्हणून जास्त लोकांत सापडणार. मग सहा बोटांचं विचारा, तो गुण बऱ्याच घराण्यांत प्रभावी असतो तरी अशी माणसं थोडीच दिसतात, मुलं गोंधळून जातात. 'सक्षम' म्हणजे पैलवान हा तर ठरलेला गैरसमज, पिल्लं मागे ठेवण्याशी त्याचा संबंध आहे हे कुणाच्या डोक्यातच नसतं.

आणि माझीच चूक सांगते. नान्नजच्या माळढोकाचं उदाहरण मी अनेक वर्षं फळ्यावर असं लिहायची, 'गवतात लपता यावं म्हणून माळढोकाचा रंग तपकिरी झाला'. वाक्य सुंदर, आपल्या जिल्ह्यातला पक्षी, मुलं खूश. पण 'यावं म्हणून' यातच गैरसमज होता, तो मी स्वतःच्या हातानं पेरत होते आणि चाचणीत उगवला की मुलांना ओरडत होते. आता लिहिते, 'ज्यांचा रंग गवताशी मिळता होता ते शिकाऱ्यांच्या नजरेतून जास्त सुटले, त्यांची पिल्लं जास्त झाली'. वाक्य लांबलं, चालेल.

तपासा : वहीत निदान पाच वेगवेगळी चुकीची वाक्यं जमली का? नसतील तर प्रश्न फार पुस्तकी झालाय, दुसरा द्या.

पायरी २ : प्रश्न असा लिहा की पाठांतर कामाला येऊ नये

नियम दोनच. प्रसंग मुलांनी पुस्तकात न वाचलेला हवा, आणि उत्तरासोबत कारण मागायचं. जिराफ नको, जिराफाचं उत्तर पाठ असतं. प्रत्येक प्रश्नाचे दोन भाग करा, पहिल्यात 'काय होईल', दुसऱ्यात 'कशावरून'. दुसऱ्या भागाच्या पर्यायांत वहीतली वाक्यं टाका.

उजनीवर हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, बऱ्याच मुलांनी ते बघितलेले असतात किंवा निदान फोटो तरी. हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न:

'दोन गुलाबी रोहितांच्या पिल्लाला लहानपणापासून असं खाद्य दिलं की ज्यात लाल-केशरी रंगद्रव्य अजिबात नाही. मोठं झाल्यावर ते कसं दिसेल? (अ) गुलाबी (ब) फिकट पांढरट. कारण : (१) आईबापाचा रंग पिल्लात उतरतोच (२) गुलाबी रंग खाद्यातल्या रंगद्रव्यातून येतो (३) पक्षी परिस्थितीप्रमाणे रंग बदलतो (४) पांढरा रंग प्रभावी असतो.'

बरोबर उत्तर ब आणि २. पण इथं सोडू नका, खाली अजून एक ओळ जोडा, 'आता या पांढरट पक्ष्याच्या पिल्लांना नेहमीचं खाद्य दिलं तर?' ती गुलाबीच होणार. पहिला भाग बरोबर आणणारी कितीतरी मुलं इथं 'पांढरी' लिहितात, म्हणजे मिळवलेला गुण पुढच्या पिढीत उतरतो हे डोक्यातून गेलेलंच नाही.

दुसरा प्रश्न वनस्पतीचा हवाच. मुलं प्राण्यांबद्दल एक बोलतात आणि झाडांबद्दल दुसरंच, झाडाला 'इच्छा' नसते हे त्यांना माहीत असतं म्हणून तिथं वेगळाच गैरसमज बाहेर येतो. आपल्याकडं डाळिंब आहे. 'एका बागेत सगळी झाडं एकाच झाडाच्या गुटी कलमापासून केलेली. दुसऱ्या बागेत झाडं बियांपासून उगवलेली. दोन्हीकडं पूर्वी कधीच न आलेला रोग आला. काही झाडं तगण्याची शक्यता कुठल्या बागेत जास्त?' उत्तर बियांची बाग, कारण कलमाची झाडं जनुकांनी एकसारखी, एक बळी पडलं की बाकीचीही त्याच वाटेनं जायची शक्यता मोठी, बियांच्या झाडांत फरक असतात. सांगोला-पंढरपूरकडची शेतकऱ्यांची मुलं इथं म्हणतात, 'मॅडम, बियांची बाग लावतं कोण, फळ सारखं येत नाही'. त्यांना थांबवू नका, फळ सारखं येत नाही म्हणजेच फरक आहेत, त्यानं अर्धं उत्तर दिलंय, फक्त त्याला ते माहीत नाही.

तिसरा प्रश्न, गुण नाहीसा होण्याचा एक असावा (वरचा आंधळा मासा पर्याय घालून चालतो). नवा गुण कसा आला हे बरोबर सांगणारी मुलं गुण कसा गेला यावर हमखास 'न वापरल्यामुळे' वर घसरतात. बरोबर विचार असा की काळोखात डोळा बिघडवणारं उत्परिवर्तन (जनुकात आपोआप होणारा बदल) झालं तरी त्या माशाचं काही अडत नाही, म्हणून ते गाळलं जात नाही, उलट डोळा बनवायला-चालवायला लागणारी ऊर्जा वाचते, म्हणून अशांचं प्रमाण वाढू शकतं.

समान पूर्वजासाठी शब्दांचा प्रश्न नको, आकृती काढा. एक खोड, त्यातून आधी सरड्याची फांदी फुटलेली, मग वर मगर आणि कोंबडी एका फाट्यातून निघालेल्या. विचारा, 'मगरीचं जवळचं नातं कुणाशी?' दिसायला सरडा, म्हणून मुलं सरडा लिहितात. उत्तर कोंबडी, कारण मगर आणि कोंबडी यांचा सामाईक पूर्वज सरड्याशी असलेल्या सामाईक पूर्वजापेक्षा अलीकडचा आहे. मग तीच आकृती मगर-कोंबडीची जागा अदलाबदल करून परत द्या. नातं बदललं असं लिहिणारा मुलगा फांद्या वाचत नाहीये, शेजार वाचतोय. 'माणूस माकडापासून झाला' यालाही हीच आकृती लागते, चिंपांझी आणि आपण चुलतभावंडं, आजोबा एक, चुलतभाऊ काही आपला आजोबा नसतो.

उत्क्रांतीच्या बाहेरचा, जीवशास्त्राचा पाया तपासणारा एक प्रश्न मी नेहमी घालते, मटकीचा. 'मूठभर मटकी पूर्ण कोरडी करून वजन केलं. मग भिजवून काळोख्या कपाटात मोड आणले, आठवडाभर वाढू दिले. नंतर सगळं परत पूर्ण वाळवून वजन केलं. आधीपेक्षा जास्त, तेवढंच की कमी?' कमी येतं. काळोखात अन्न तयार होत नाही आणि श्वसन चालूच असतं, दाण्यातलं साठवलेलं अन्न खर्च होऊन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 'वाढलं म्हणजे वजन वाढलं' म्हणणारी सगळी एका प्रश्नात सापडतात.

सावध : प्रश्नात 'अनुकूलन', 'नैसर्गिक निवड' असे शब्द अजिबात टाकू नका. शब्द दिसला की मुलगा व्याख्या ओततो.

पायरी ३ : प्रश्न दोघांवर चालवून बघा, मग वर्गाला द्या

ही पायरी सगळे वगळतात. पुढच्या वर्गातली किंवा शेजारची दोन मुलं बसवा, एक हुशार एक मध्यम, आणि प्रश्न सोडवताना डोक्यात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगा.

माझा डासांचा प्रश्न पहिल्यांदा असा होता (आकडे मनचे), 'फवारणीनंतर १०० पैकी ९५ डास मेले, ५ वाचले. काही वर्षांनी त्याच औषधानं १०० पैकी ४०च मरायला लागले. काय झालं असेल?' शेजारच्या मुलाला दिला. तो वाचून गप्प बसला, पेन्सिल चावत म्हणाला, 'पण मॅडम, ते पाच डास पलंगाखाली असतील की, त्यांना औषध लागलंच नसेल.' मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचं बरोबर होतं. माझ्या प्रश्नात भोक होतं आणि त्या भोकातून तो शहाणपणानंच गेला होता. हाच मुलगा वर्गात असता आणि मी नुसता कागद तपासला असता तर त्याला शून्य दिलं असतं.

आता त्या प्रश्नात 'सगळ्या डासांना औषध सारखंच लागलं' ही ओळ आहे. अजून एक बदल केला. आधी मी विचारायची, 'न मरणारे डास फवारणीच्या आधीपासून होते का, हो की नाही'. हाही कच्चा प्रश्न, कारण नवं उत्परिवर्तन मधल्या वर्षांतही होऊ शकतं. महत्त्वाचं एवढंच की ते औषध बघून, गरजेपोटी होत नाही. म्हणून आता पर्याय असा लिहिते, 'काही डासांत हा फरक औषधामुळे नाही, आपोआप आलेला होता, बाकीचे मेले, या डासांची पिल्लं वाढत गेली'.

तपासा : दोन प्रश्न स्वतःला विचारा. ज्याला कळलं नाही पण पाठ आहे असा मुलगा हा प्रश्न सोडवू शकेल का? आणि ज्याला कळलंय पण मराठी कच्चं आहे असा मुलगा अडकेल का? दुसरा प्रश्न आपल्या सोलापुरात फार महत्त्वाचा आहे. वर्गात निम्म्या घरांत तेलुगू, कन्नड नाहीतर उर्दू बोलतात, मुलं शाळेपुरतं मराठी. अशा मुलाला कारण घरच्या भाषेत लिहू द्या नाहीतर तोंडी सांगू द्या, मित्र अर्थ सांगेल. आपल्याला जीवशास्त्र तपासायचंय, मराठीचा पेपर वेगळा असतो.

पायरी ४ : चाचणी द्यायची कशी

धडा शिकवला त्याच दिवशी कधीच नको, तेव्हा कानात तुमचेच शब्द असतात. निदान चार दिवस जाऊ द्या. पाच-सहा प्रश्न, ४० मिनिटं, मार्क नाहीत हे आधीच सांगा आणि खरंच देऊ नका, मुलांना एकदा कळलं की मॅडम शेवटी मार्क धरतात की पुढच्या वेळी सगळे सुरक्षित उत्तर लिहितात.

प्रत्येक उत्तरासमोर एक छोटा रकाना ठेवा, 'खात्री'. त्यात तीनपैकी एक लिहायचं, अंदाजानं, बऱ्यापैकी, किंवा पक्कं. हा रकाना बिनकामाचा वाटेल पण पुढं सगळं त्यावर उभं आहे.

निदान एका प्रश्नाला पर्याय न देता आधी मोकळं लिहून घ्या, तो कागद गोळा करा, मगच पर्यायवाला कागद वाटा. उलट क्रम केला तर मुलं पर्यायातलं वाक्यच मोकळ्या उत्तरात उतरवतात, मी एकदा केलंय हे, ३०-३५ कागद वाया गेले.

सावध : फिरताना मान हलवू नका, 'परत वाच बघू' म्हणू नका. तुमचा चेहरा मुलं प्रश्नापेक्षा आधी वाचतात.

कुणी 'देवानं बनवलं' असं लिहिलं तर त्याला वर्गात बोलायचं नाही. आपण त्याची श्रद्धा तपासत नाहीयोत. प्रश्नातच 'या धड्यातल्या स्पष्टीकरणाप्रमाणे काय होईल' अशी ओळ घातली की मुलाला कुठली बाजू घ्यावी लागत नाही, तो निवांत लिहितो.

पायरी ५ : पाच मिनिटं समोर बसवून बोला

सगळ्यांशी नाही जमणार, सहा-सात मुलं निवडा, ज्यांचं उत्तर बरोबर आणि कारण विचित्र अशी आधी. कागद त्याच्या हातात द्या आणि त्यानं लिहिलेलंच वाक्य घेऊन विचारा. एका मुलीशी झालेलं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

'डासांनी औषधाशी जुळवून घेतलं.'
'कुठल्या डासानं?'
'...सगळ्यांनी.'
'सगळ्यांनी घेतलं तर ९५ मेले कसे?'
'मग जे वाचले त्यांनी.'
'ते फवारणीच्या आदल्या दिवशी कसे होते?'

ती बराच वेळ खिडकीकडं बघत बसली. मग म्हणाली, 'तसेच होते. मग त्यांनी काहीच केलं नाही की, मॅडम.'

बघा, मी एक अक्षर शिकवलं नव्हतं. 'कुठल्या?' हा प्रश्न हाताशी ठेवा, जिथं जिथं मुलगा 'त्यांनी' म्हणेल तिथं विचारायचा. दुसरे उपयोगी प्रश्न म्हणजे 'मग त्याच्या पिल्लाचं काय?' आणि 'आधी किती होते, नंतर किती?' एवढे तीन पुरतात.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे मधेच शिकवायला लागणं. तोंडावर उत्तर येतं आपल्या, राहवत नाही. पण एकदा सांगितलंत की त्याच्या डोक्यात काय होतं ते कायमचं गेलं. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. शांतता खूप लांब वाटते, वाटू द्या.

पायरी ६ : कागदांचे गठ्ठे मार्कांवर नाही, कारणांवर लावा

जमिनीवर चार गठ्ठे करा, प्रत्येक प्रश्नासाठी वेगळे. उत्तर बरोबर कारण बरोबर. उत्तर बरोबर कारण चूक. उत्तर चूक कारण बरोबर. दोन्ही चूक.

दुसरा गठ्ठा आपल्याला आजपर्यंत दिसतच नव्हता, ही मुलं पर्यायवाल्या परीक्षेत पूर्ण मार्क घेऊन जातात. तिसरा गठ्ठा असेल तर बहुतेक वेळा तुमच्या प्रश्नाची भाषा चुकलीय, मुलावर जाऊ नका, प्रश्न दुरुस्त करा. चौथ्या गठ्ठ्यात आता तो खात्रीचा रकाना बघा. दोन्ही चूक आणि 'अंदाजानं' म्हणजे त्याला माहीतच नाही, नीट शिकवलं की होतं. दोन्ही चूक आणि 'पक्कं' म्हणजे गैरसमज घट्ट बसलाय, याला तोच धडा परत शिकवून काही होत नाही, तो ऐकतो, मान डोलावतो आणि आपलंच धरून ठेवतो. या दोघांना एकाच जादा तासाला बसवणं ही सर्रास होणारी चूक आहे.

सावध : एकच मुलगा डासांना बरोबर आणि झाडांना चूक लिहिणार. हे नॉर्मल आहे, जुनी नि नवी कल्पना डोक्यात बराच काळ शेजारी-शेजारी राहतात. म्हणून 'याला उत्क्रांती येते' असा एकच शेरा मारू नका, वेगळ्या कागदावर मुद्द्यागणिक नोंद ठेवा (मुलाच्या नावापुढं 'फरक', 'वारसा', 'प्रमाण' असे रकाने, मुद्दा कळला की तिथं तारीख). आणि कुणी 'गरज' शब्द वापरला म्हणून लगेच चूक धरू नका, आपण बोलतानाही 'झाडाला पाणी हवंय' म्हणतोच, पाचव्या पायरीतल्या बोलण्यानंच कळतं की ती बोलायची पद्धत आहे का खरा समज.

पायरी ७ : घट्ट गैरसमजावर हातानं करायचा उपाय

'पक्कं' लिहून चुकलेल्या मुलांसाठी मी चादर आणायला सांगते, आपली सोलापुरी, भरपूर नक्षीची. त्यावर चार प्रकारचे दाणे पसरायचे, मूग, मसूर, तूर आणि साबुदाणा, प्रत्येकी १०, एकूण ४०. दाणे नीट विखुरलेले हवेत, ढीग नको. एकानं 'पक्षी' व्हायचं, पाठ फिरवून उभं राहायचं, वळलं की पटापट दिसेल तो दाणा एकेक उचलायचा, ३० झाले की थांब. चादरीवर १० उरले. आता प्रत्येक उरलेल्या दाण्यामागे त्याच प्रकारचे ३ दाणे टाका, परत ४० झाले. ही झाली एक पिढी. अशा चार पिढ्या करा आणि दर पिढीला कुठले किती हे फळ्यावर लिहीत जा.

लाल-काळ्या चादरीवर साबुदाणा बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतच संपतो. मग चादर बदलून पांढरी घ्या आणि पुन्हा ४० पासून सुरू करा, आकडे उलटे फिरतात, 'सगळ्यात चांगला दाणा' असं काही नसतं हे आपोआप दिसतं.

खेळ संपल्यावर एकच विचारा, 'एखाद्या दाण्यानं रंग बदलला का?' आणि उत्तर मुलांनाच त्यांच्या वहीत लिहू द्या. हा प्रश्न न विचारता खेळ आवरला तर मुलं म्हणतात दाणे चादरीसारखे 'झाले'. मी हे ऐकलंय, खेळ उत्तम झाला आणि गैरसमज उलट पक्का.

पायरी ८ : तीन आठवड्यांनी परत, पण वेष बदलून

दुसऱ्या दिवशी परत विचारून काही कळत नाही. तीन आठवडे जाऊ द्या, आणि तोच मुद्दा पूर्ण नव्या प्रसंगात विचारा. डासांच्या जागी जंतू आणि अर्धवट सोडलेला अँटिबायोटिकचा कोर्स घेऊ शकता, पण मी कापूस घेते, कारण त्यात पाठ उत्तर सापडतच नाही.

भारतात बीटी कापसाला (एका जिवाणूचं जनुक घातलेला, बोंडअळीला मारणारं विष स्वतःच बनवणारा कापूस) २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचा बीटी २००६ ला आला, आणि तरीही गुलाबी बोंडअळी आज त्याला दाद देत नाही. मुलांना एवढं सांगायचं आणि विचारायचं, 'बीटी कापसाच्या कडेनं साध्या, बिगर-बीटी कापसाच्या काही ओळी लावायला सांगायचे. त्या ओळी अळी खाणार हे माहीत असून का?'

'बोंडअळीला खायला मिळावं म्हणून' एवढ्यावर थांबणारं उत्तर अर्धं आहे. 'तिला बीटीची सवय होऊ नये म्हणून' आलं की तो मुलगा परत पहिल्या पायरीवर, राग धरू नका, वहीत तारीख टाकून ठेवा. आपल्याला हवं ते असं, की साध्या ओळींत बीटीनं मरणाऱ्या अळ्याही जगतात, त्यांचे पतंग बीटीला दाद न देणाऱ्या थोड्या पतंगांशी जुळतात, त्यामुळं प्रतिकाराचं जनुक दोन्हीकडून मिळालेली पिल्लं कमी होतात आणि बीटीचं विष जास्त वर्षं लागू पडतं. शब्द यातले एकही नसले तरी चालतील. गेल्या वर्षी एका मुलानं लिहिलं होतं, 'मरणाऱ्या अळ्या पण जिवंत ठेवायला पाहिजेत, नाहीतर फक्त न मरणाऱ्यांचीच एकमेकांत लग्नं लागतील.' त्याच्या नावापुढं 'फरक', 'वारसा' आणि 'प्रमाण' या तिन्ही रकान्यांत मी तारीख टाकली आणि त्याला पुढच्या मुद्द्याचा कागद दिला, मगर-कोंबडीचा.